सायकलमार्ग रस्ता ओलांडतो तिथे या चुका टाळा

सायकलमार्ग जिथे रस्त्याला छेदतो तिथे पाटी लावली की काम झालं, असं पाटी लावणाऱ्यालाही वाटतं आणि सायकलवाल्यालाही. चालकाला तुम्ही वेळेवर दिसला नाहीत, तर ती पाटी असून नसल्यासारखीच.

सगळ्यात जास्त फसतो तो अंदाज. ‘गाडी लांब आहे, निघू’. उभ्या सायकलवरून 7 मीटरचा दुपदरी रस्ता पार करायला साधारण 5 सेकंद लागतात. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात जवळजवळ 70 मीटर पुढे येते. म्हणजे वळणामुळे किंवा झुडपांमुळे 40 मीटरपलीकडचं दिसत नसेल, तर रस्ता मोकळा दिसला तरी मोकळा नसतो. त्यातच थांबण्याआधी गिअर उतरवलेला नसला, तर पहिलं पेडल मारतानाच एक-दोन सेकंद जातात. गिअर आधीच हलका करा.

एका गाडीने थांबून हात दाखवला, की आपण खुशाल निघतो. चौपदरी रस्त्यावर यासारखा धोका नाही. थांबलेल्या गाडीच्या आडून शेजारच्या लेनमधली दुसरी गाडी येते. तिच्या चालकाला तुम्ही दिसलेले नसता. पहिल्या गाडीच्या पुढच्या टोकाशी थांबा, डोकावा, मगच पुढे जा. (त्या भल्या माणसाला घाई असली तर असू दे.)

गाडीच्या पुढच्या काचेच्या कडेचा खांबही घात करतो, त्याच्यामागचं चालकाला दिसत नाही. गाडीचा आणि सायकलचा वेग जुळला तर सायकल सतत त्या खांबामागेच राहते. वेग थोडा कमी केला की त्याच्या आडून बाहेर येता.

आता पाट्या. चालकासाठीची सूचना छेदाच्या तोंडावर लावून उपयोग नाही. ब्रेक लावायला अंतर उरेल इतकी आधी हवी. सायकलमार्गावर प्रत्येक फाटकापाशी ‘थांबा’ लिहिलं, की खऱ्या धोक्याच्या जागीही कोणी थांबत नाही. गाड्या आत शिरू नयेत म्हणून सायकलमार्गाच्या मधोमध रोवलेला, चमकत्या पट्ट्या नसलेला खांब रात्री सायकलवाल्यालाच आडवा येतो. दुभाजकात थांबायची जागा 2 मीटरहून अरुंद असेल, तर सायकलचं मागचं चाक रस्त्यातच राहतं.

तपासणी खुर्चीत बसून होत नाही. पावसाळ्यानंतर, फांद्या वाढलेल्या असताना, सायकलच्या सीटवर बसून दोन्हीकडे बघा. मग अंधार पडल्यावर तिथूनच गाडी चालवत जा आणि पाटी चमकते का ते पाहा.