पोफळीच्या आगरात व्हॅनिला: लागवडीपासून प्रतवारीपर्यंत

आमच्या पहिल्या शेंगा चोरीच्या धास्तीने आठव्या महिन्याच्या आधीच, हिरव्यागार असताना काढल्या. पेटीत भरल्या, महिन्याभरात बुरशी धरली. खरी परीक्षा शेंग वेलीवर राहू देण्याची असते. लागवड त्या मानाने सोपी.

व्हॅनिला मूळची मेक्सिकोकडची ऑर्किड. माडा-पोफळीखालची निम्मी सावली तिला मानवते. आधाराला गिरिपुष्पाच्या फांद्या पावसाच्या सुरुवातीलाच रोवा. वेल लावायची ती पावसाचा जोर ओसरल्यावर. निरोगी वेलीचा मीटरभर तुकडा घ्या, खालची तीन-चार पानं काढा आणि आठवडाभर सावलीत ठेवून काप सुकू द्या. मग पानं काढलेला भाग मातीवर आडवा ठेवून वर पातेरा घाला. खोल पुरू नका. जांभ्याच्या उतारावर पाणी निघून जातं; सखल जागी मात्र आपल्या पावसात मुळं कुजतात, तिथे उंच वाफाच हवा. वेल दीड मीटरवर गेली की खाली वळवायची, नाहीतर फुलं शिडीवरून शोधावी लागतील.

साधारण तिसऱ्या वर्षी फुलं येतात, बहुतेक डिसेंबर ते मार्चमध्ये. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. आपल्याकडे परागीकरण करणारे कीटक नाहीत, म्हणून हे काम हाताने करायचं. ही युक्ती 1841 मध्ये रीयुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने दाखवली. आजही तीच चालते. मी नारळाचा हीर तासून घेतो. डाव्या हातात फूल धरायचं, ओठासारखी पाकळी हिराने फाडायची, आतला पातळ पडदा वर उचलायचा आणि अंगठ्याने परागाचा गोळा खालच्या चिकट भागावर दाबायचा. दहा वाजायच्या आत उरकलेलं बरं. जमलं असेल तर सुकलेलं फूल देठाला चिकटून राहतं, नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळतं. एका घोसात आठ-दहा शेंगा पुरे; जास्त धरल्या की सगळ्या बारीक राहतात.

आता नऊ महिने थांबा. शेंगेचं टोक पिवळं पडायला लागलं की तीच काढा, शेजारची नाही. पूर्ण पिवळी होऊ दिलीत तर ती उकलते. चिकाने खाज सुटते, हातमोजे घाला.

हिरव्या शेंगेला वास नसतो. 63 ते 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवा (थर्मामीटर हवाच, अंदाज चालत नाही), लगेच घोंगडीत गुंडाळून लाकडी पेटीत रात्रभर ठेवा. सकाळी शेंगा चॉकलेटी झालेल्या दिसतील. पुढचे आठ-दहा दिवस दुपारी दोन-तीन तास ऊन द्या आणि गरम असतानाच पुन्हा घोंगडीत गुंडाळा. ऑक्टोबरचं ऊन इथे उपयोगी पडतं. परतीचा पाऊस आला तर शेंगा घरात घेऊन पंख्याखाली पसरा. त्यानंतर महिनाभर सावलीत सुकवा, मग बटर पेपरात बांधून दोन-तीन महिने पेटीत. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून किलोभर माल हातात येतो.

प्रतवारी लांबीवर: 15 सेंटिमीटरवरच्या पहिल्या, 10 ते 15 दुसऱ्या, त्याखालच्या तिसऱ्या. उकललेल्या नि डाग पडलेल्या वेगळ्या ठेवा. लांबीइतकाच लवचीकपणा पाहा: चांगली शेंग बोटाला गुंडाळली तरी मोडत नाही आणि सोडली की तेलकट चकाकते. कधी अंगावर पांढरं काही दिसतं. सुईसारखे चमकणारे स्फटिक असतील तर ते व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाला वास देणारा घटक; दर्जा उत्तम. कापसासारखं, कुबट वासाचं असेल तर बुरशी. ती शेंग लगेच बाजूला काढा, नाहीतर सगळी पेटी जाईल.

विकत घेतानाही हीच परीक्षा करा. लागवड करणार असाल तर गिऱ्हाईक आधी शोधा. 2003 च्या सुमारास केरळ-कर्नाटकात भाव चढले तेव्हा अनेकांनी वेली लावल्या आणि पुढे भाव कोसळल्यावर त्या उपटूनही टाकल्या. आम्ही म्हणूनच वीसच वेली ठेवल्यात, पोफळीच्या दोन ओळींत.