शेडमध्ये अचानक मरतुक वाढली तर: पशुवैद्यकाचे अधिकार आणि तुमची तयारी

कोंबड्यांचे तुरे निळे पडलेत, डोकं सुजलंय, अंडी एकदम घटली? तर हा राणीखेत (कोंबड्यांचा दुसरा विषाणूजन्य रोग) की बर्ड फ्लू, हे नुसतं बघून सांगता येत नाही. तपासणी हवीच. संसर्गजन्य पशुरोगांच्या २००९ च्या कायद्यानुसार अनुसूचित (कायद्याच्या यादीतल्या) रोगाची शंका आली की लगेच कळवणं मालकावर बंधनकारक आहे. ग्रामपंचायत, जवळचा दवाखाना किंवा १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा फोन क्रमांक, कुठेही कळवा.

पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला शेडमध्ये येऊन तपासण्याचा, नमुने घेण्याचा, शवविच्छेदनाचा अधिकार आहे. त्यासाठी पुरलेला पक्षी उकरूनही काढता येतो. त्यामुळे घाईने खड्डा बुजवून काही साधत नाही.

नमुना घेताना श्वासनलिका आणि गुदद्वारातून स्वॅब (काडीवरच्या बोळ्याने पुसून घेतलेला स्राव) घेतात, तो विषाणू टिकवणाऱ्या द्रावणात बुडवून बर्फाच्या पेटीत ठेवतात. इथे काडी प्लॅस्टिकची आणि बोळा कृत्रिम धाग्याचा हवा. लाकडी काडीमुळे पीसीआरचा (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीचा) निकाल बिघडू शकतो. बर्ड फ्लूची शंका असेल तर मेलेला पक्षी शेडवर फाडू नये, दुहेरी पिशवीत अख्खाच द्यावा. अंतिम निदान भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत होतं.

निकाल येईपर्यंत पक्षी, अंडी, खाद्य, खत काहीही बाहेर काढू नका. मरतुकीची रोजची नोंद, लसीकरणाच्या तारखा तयार ठेवा. बर्ड फ्लू निघाला तर १ किलोमीटरमधले पक्षी नष्ट करतात, १० किलोमीटरपर्यंत पाळत राहते. भरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर सगळ्यात महाग पडतो तो इथेच.