सकाळची शाळा, रात्रीचा क्लास: पोरांची झोप बसवायची कशी

तेरा ते अठरा वयाच्या पोरांना रोज ८ ते १० तास झोप लागते. कोल्हापुरात राजारामपुरीतला क्लास रात्री साडेआठला सुटला, जेवायला साडेनऊ झाले, मग मोबाईल, आणि सकाळी सहाला उठायचं, तर हिशेब जुळणार कुठून?

वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, तास-दोन तास उशिरा स्रवू लागतं. म्हणून नऊला अंथरुणात पाठवलेलं पोर नुसतं कूस बदलत राहतं. त्याला आळशी म्हणू नका. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, पहाटे चढतं. झोप मोडलेल्या तरुणांवरच्या प्रयोगांत ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीट उतरलं नाही, असं दिसलंय. वर जागेपणी मेंदूत साठलेलं अडेनोसिन, म्हणजे पेंग आणणारं रसायन, पुरतं निचरत नाही, त्यामुळे पहिल्याच तासाला पोर दोन-चार सेकंद डुलकी घेतं आणि त्याला कळतही नाही. वही उघडून बघा: मध्येच एखादी ओळ खाली घसरलेली असते.

सुरुवात उठण्यापासून करा. शाळेसाठी सहाला उठायचं तर रविवारीही फार तर सातला. दहापर्यंत लोळू दिलं की सोमवारी पहाट जड जाते. ऊन आलं की १५-२० मिनिटं गच्चीवर किंवा रंकाळ्यावर चालू द्या. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं, म्हणजे रात्री झोप लवकर येते. झोपायची वेळ मात्र एकदम बदलू नका, दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणा, दहापर्यंत. क्लास उशिरा सुटत असेल तर अर्धं जेवण आधीच द्या. रात्री उशिरा तांबडा रस्सा ओरपून लगेच आडवं झालं की छातीत जळजळतं. चार वाजल्यानंतर चहा-कॉफी बंद, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनीही रक्तात असतो. दुपारी पेंग आली तर गजर लावून २० मिनिटं झोपावं, तेही चारच्या आत. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला.

परीक्षेच्या दिवसांत बाराला झोपवून पहाटे चारला उठवणं सगळ्यात तोट्याचं. स्वप्नांची झोप पहाटेच जास्त असते, नेमकी तीच कापली जाते. पाठांतर पहाटेच करायचं तर आठलाच झोपावं लागेल, आणि ते या वयात जमत नाही.

दोन-तीन आठवडे पुरेशी झोप मिळूनही वर्गात पेंग येत असेल, किंवा पोर मोठ्यानं घोरत असेल, तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा घरच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी परस्पर देऊ नका.