खडूस नानांना रडका सिनेमा दाखवायचा असेल तर

पहिलं म्हणजे, ‘हा सिनेमा अगदी तुमच्यासारख्या माणसावर आहे’ असं चुकूनही म्हणू नका. बायको गेलेली, दिवसभर घरात एकटे, कुणी लिफ्टचं दार उघडं टाकलं की जिन्यातून ओरडणारे असे एक बाबा, नाना किंवा काका प्रत्येक सोसायटीत असतात. आपल्यासारखा दुसरा कुणी आहे, हे त्यांना ऐकायलाच आवडत नाही. आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, सेंट्रल रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात. आई गेल्यापासून नाना टीव्हीवर फक्त बातम्या लावतात, आणि मग बातम्यांवर चिडतात. त्यांना सव्वादोन तास एका जागी बसवायचं म्हणजे आधी थोडी आखणी लागते.

सिनेमा म्हणजे ‘अ मॅन कॉल्ड ओटो’, 2022 चा, टॉम हँक्सचा. मूळ कादंबरी स्वीडनच्या फ्रेड्रिक बॅकमनची, 2012 ची. तिच्यावर 2015 मध्ये स्वीडिश सिनेमाही झाला, ‘अ मॅन कॉल्ड ऊवे’. खरं विचाराल तर तोच उजवा. त्यातला म्हातारा खरोखर नकोसा वाटतो. टॉम हँक्सने कपाळाला कितीही आठ्या घातल्या तरी माणूस आतून भला आहे हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. तरी नानांसाठी मी ओटोच घेतला. स्वीडिश सिनेमा सबटायटल वाचत बघावा लागतो, त्यात गोष्ट बर्फातली. पांढऱ्या बर्फावर पांढरी अक्षरं, आणि बघणाऱ्याचे दोन्ही मोतीबिंदू काढलेले. ऑडिओ कुठल्या भाषेत मिळतोय ते मात्र तुम्ही आदल्या दिवशी बघून ठेवा. ऐन वेळी मेनूमध्ये चाचपडत बसलात की म्हातारा उठून गेलाच समजा.

दाखवायच्या आधी तुम्ही स्वतः पूर्ण बघा, एकट्याने. ही पायरी गाळायची नाही. वरवर हा विनोदी सिनेमा आहे, पण त्याच्या पोटात जे आहे ते हलकं नाही. बायको सोन्या गेल्यावर ओटोला जगायचं नाहीये. तो एकदा नाही, अनेकदा प्रयत्न करतो, ते पडद्यावर दाखवलंय, आणि दर वेळी शेजारी काहीतरी काम काढून आडवे येतात. यावर थिएटरात लोक हसतातही. पण ज्याच्या घरात अजून आईंच्या औषधांचा डबा कपाटात तसाच आहे, त्याला ते कसं लागेल याचा नेम नाही. माझं सरळ मत आहे की वर्षश्राद्ध होईपर्यंत हा सिनेमा घरात लावू नये. आणि माणूस गेला तो अशाच प्रकारे गेला असेल, तर कधीच लावू नये.

शेवटही आधी सांगून टाका. सिनेमा रंगेल की नाही ही काळजी तरुणांनी करावी. ओटो शेवटी जातो, पण हृदयाच्या आजाराने, अंथरुणात. दारासमोरचा बर्फ काढलेला नाही म्हणून शेजाऱ्यांच्या लक्षात येतं. नानांना हे मी दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे त्रास न होता गेला ना? मग ठीक.’ ज्यांना स्वतःला पेसमेकर आहे किंवा बायपास झाली आहे, त्यांना तर हे ठाऊक असलेलंच बरं.

आता त्यांना टीव्हीसमोर आणायचं कसं? बोलावू नका, कामाला लावा. मी सकाळीच एचडीएमआय केबल काढून ठेवली आणि दुपारी म्हटलं, ‘नाना, लॅपटॉप टीव्हीला लागत नाहीये, जरा बघता का?’ नाना टॉर्च आणि चष्मा घेऊन आले. टीव्हीच्या मागे मान घालून आधी त्यांनी धुळीवर पाच मिनिटं भाषण दिलं, मग केबल बसवली आणि ‘चाललं का?’ म्हणून समोरच्या खुर्चीत बसले. चाललं होतं. मी प्ले दाबलं. ‘नाना, या ना, आपण सगळे मिळून एक छान सिनेमा बघू’ असं म्हटलं असतं, तर ते खाली मीटर रीडिंग लिहायला निघून गेले असते.

वेळ दुपारी चारची. वामकुक्षी झालेली असते, चहा द्यायचाच असतो, आणि संपेपर्यंत दिवेलागण होते, माणूस थेट अंथरुणात शिरत नाही. रात्री जेवणानंतर असले सिनेमे लावू नयेत. सिनेमा 126 मिनिटांचा आहे, मध्ये इंटर्व्हल ठेवाच. या वयात बाथरूमला जावं लागतं आणि ते कुणी मागत नाही, गुपचूप कळ काढतात. ओटो शेजारणीला गाडी शिकवतो तो प्रसंग झाला की थांबवायचं. त्या जागी मूड चांगला असतो.

बसायची जागा हा खरा महत्त्वाचा भाग. आमच्याकडे आईंचा फोटो हार घालून टीव्हीच्या वरच आहे. बऱ्याच घरांत तसाच असतो, कारण हॉलमध्ये ठळक भिंत तेवढी एकच. सिनेमातला ओटो सोन्याच्या थडग्याशी खुर्ची घेऊन बसतो, तिच्याशी बोलतो, फुलं नेतो. आपल्याकडे अस्थी नाशिकला नाहीतर बाणगंगेला गेल्या की पुढे जाऊन बसायला जागाच उरत नाही. मग पुरुष माणूस बोलणार कुठे? नाना सकाळी तुळशीला पाणी घालताना पुटपुटतात, आणि ते मंत्र नसतात हे मला माहीत आहे. तर अशा माणसाने पडद्यावर ओटोला थडग्याशी बोलताना बघायचं, आणि बरोबर वर फोटो. फोटो हलवायचा नाही, तो अपराध होईल. खुर्ची तिरकी करायची. मी ती बाल्कनीकडे सरकवली, ‘वारा येतो’ म्हणून. तिथून टीव्ही दिसतो, फोटो बघायचा तर मान वळवावी लागते. वळवायची की नाही हे त्यांच्या हातात राहतं.

तुम्ही शेजारी बसा, समोर नको. त्यांच्या तोंडाकडे बघू नका, रुमाल पुढे करू नका. आणि मांडीवर काम घ्या. मी किलोभर मटार घेतले होते, एक ताट त्यांच्यापुढेही सरकवलं. डोळे भरून आले की मान खाली घालायला मटारासारखी सोय नाही. आमच्याकडे सिनेमाच्या मध्यावर ताटातले दाणे कमी आणि टरफलं जास्त दिसायला लागली, दाणे टरफलांच्या ढिगात जात होते. मी काही बोलले नाही, नंतर वेचून घेतले. नातवंडांना या वेळी क्लासला पाठवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी बघावा असा हा सिनेमा नाही, आणि आजोबा मुलांसमोर मोकळे होत नाहीत.

ते मध्ये बोलतील, बोलू द्या. गप्प करू नका, त्यासाठीच तर लावलाय. सुरुवातीलाच ओटो हार्डवेअरच्या दुकानात पाच फूट दोरी घेतो, दुकान यार्डाच्या, म्हणजे तीन-तीन फुटांच्या, हिशोबाने सहा फुटांचे पैसे लावतं, आणि हा तीसेक सेंटसाठी अडून बसतो. दुकानातल्या सगळ्यांना तो वेडा वाटतो. नाना म्हणाले, ‘बरोबर बोलतोय तो. पाच घेतले तर पाचाचेच द्यायचे.’ रोज सकाळी ओटो कॉलनीत फेरी मारून कचरा नीट वेगळा केलाय का, परवान्याशिवाय गाडी कुणी लावली का, फाटक बंद आहे का ते बघतो. आमच्याकडे ओल्याच्या बादलीत दुधाची पिशवी दिसली की नाना ती कुणाच्या घरची हे शोधून काढतात. ओटो आणि त्याचा जुना मित्र रूबेन यांच्यात शेवरले मोठी की फोर्ड यावरून फाटलेलं असतं. स्वीडिश सिनेमात तेच साब आणि व्होल्वोवरून. हे बघताना नानांना समोरच्या इमारतीतल्या काकांची एलएमएल व्हेस्पा आठवली. नानांकडे बजाज चेतक होती. तिच्या डिकीत ठेवलेल्या प्लगपासून ते वसईच्या रस्त्यावर कुणी कुणाला ढकलत आणलं इथपर्यंत सगळं ऐकून घ्या. सिनेमा थांबवून ऐका.

स्टेशनचा प्रसंग मात्र आधीच ओळखून ठेवा. एक म्हातारा रुळांवर पडतो, लोक मोबाइल काढून शूटिंग करतात, ओटो खाली उतरून त्याला वर देतो, आणि मग स्वतः तिथेच थांबतो. हा त्या अवघड प्रसंगांपैकीच एक. मी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने रिमोट जवळ घेऊन ठेवला होता. पण नाना शूटिंग करणाऱ्यांवर एवढे भडकले की पुढचं अर्धं त्यांनी ऐकलंच नाही. ‘अरे, गाडीच्या दिशेने धावायचं आणि दोन्ही हात डोक्यावर सरळ उभे धरायचे. मोटरमनला तो धोक्याचा सिग्नल आहे, झेंडी नसली तरी तो ब्रेक मारतो. खाली काय उतरतोस? आपल्याकडे तर वर पंचवीस हजार व्होल्टची तार.’ मग उठून उभे राहून त्यांनी हात कसे धरायचे ते दाखवलं, कोपर वाकवायचं नाही म्हणून दोनदा. घरातल्या प्रत्येकाला ते आता पाठ आहे.

संपल्यावर ‘कसा वाटला?’ विचारू नका. ‘ठीक’ असं उत्तर येतं आणि विषय संपतो. एखादी तांत्रिक शंका काढा. मी विचारलं, ‘नाना, तो शेजारणीचा नवरा ट्रेलर लावलेली गाडी मागे घेताना अडकतो, आणि ओटो एका झटक्यात लावतो, ते कसं काय?’ ट्रेलर असला की स्टिअरिंग उलट्या बाजूला फिरवावं लागतं, हे नानांनी टीपॉयवर काडेपेटी आणि चष्म्याचं घर ठेवून समजावलं. चष्म्याचं घर आईंचं होतं, टीव्हीखालच्या खणातलं. तेच का काढलं, ते मी विचारलं नाही. आईंबद्दल ते त्या दिवशी चकार शब्द बोलले नाहीत. पुढे कधीतरी, मी भाजी निवडत असताना, एकदम म्हणाले, ‘ती असती तर म्हणाली असती, अगदी तुमच्यासारखा आहे हो हा.’ म्हणजे ते वाक्य आम्ही म्हणायचं नाही, पण आईंना मुभा आहे.

सिनेमा एकदा दाखवून होण्यासारखं फार नसतं, पुढचं काम तुमचं. समोर राहायला आलेली मॅरिसोल ओटोची समजूत घालत नाही, उपदेश करत नाही. ती शिडी मागते, गाडीतून सोडायला सांगते, पोरींना सांभाळायला सांगते, आणि खायला आणून देते. हे जसंच्या तसं उचला. फक्त काम खरं हवं. ‘वेळ जावा म्हणून’ दिलेलं काम त्यांना लगेच कळतं आणि अपमान वाटतो. आमच्या मजल्यावर नव्याने आलेल्या भाडेकरूंच्या सिंकखाली पाणी गळत होतं. मी त्यांना म्हटलं, प्लंबरला फोन करू नका, नानांना पाना मागा. पाना मागायला गेलेल्या मुलाला नानांनी आधी पाना कसा धरायचा यावर झापलं, मग स्वतः जाऊन वॉशर बदलला. संध्याकाळी तिकडून डब्यात बिर्याणी आली. आता डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे आईंनी त्यांना चाळीस वर्षं बजावलेलं. नाना मला न विचारता खाली गेले, राजगिऱ्याचे लाडू आणले, डबा दोनदा घासला आणि लाडू भरून स्वतः नेऊन दिला. तिकडून परत काहीतरी आलं. हे आता थांबेल असं दिसत नाही, आणि आमच्या फ्रिजमध्ये जागा नाही.

एक गोष्ट मात्र सिनेमावर सोडू नका. चिडणारा म्हातारा चिडतोय तोवर मला फारशी काळजी वाटत नाही. चिडणं बंद झालं, जेवण सुटलं, झोप उडाली, वस्तू वाटून टाकायला सुरुवात झाली, फोन-वीज-बँकेची कागदपत्रं अचानक आवरली, ‘आता माझं काय काम’ असं वारंवार यायला लागलं, तर सरळ विचारायचं: ‘नाना, जीव नकोसा झालाय का?’ विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात. केईएम, सायन, नायर तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. ‘वय झालं की असं होतंच’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना चहा द्या आणि बाजूला ठेवा.

दुसरा सिनेमा कोणता लावायचा? लोक लगेच ‘सारांश’ सुचवतात: 1984 चा, शिवाजी पार्कातले निवृत्त मास्तर प्रधान, अठ्ठावीस वर्षांच्या अनुपम खेरने केलेले. सिनेमा मोठाच आहे, मुलाच्या अस्थींसाठी कस्टममध्ये खेटे घालणारा बाप बघून दगडालाही पाझर फुटेल. पण तो पाठोपाठ लावू नका, त्यातही नवरा-बायको जीव द्यायच्या विचारापर्यंत येतात. आणि ज्यांनी मूल गमावलंय, त्यांच्या घरी तर नकोच. हलकं हवं तर पिक्सारचा ‘अप’, 2009 चा, फुगे बांधून घर उडवणाऱ्या म्हाताऱ्याचा. सुरुवातीच्या काही मिनिटांत अख्खा संसार जवळजवळ एकही शब्द न बोलता उलगडतो, तेवढी सांभाळा, पुढे मजा आहे. या सिनेमात आणि ओटोमध्ये दोन्हीकडे घरावर डोळा ठेवून बिल्डर आहेच. आमच्या सोसायटीची रीडेव्हलपमेंटची मीटिंग अनुभवलेल्या नानांना त्यात नवल वाटणार नाही.

किंवा दुसरा त्यांनाच निवडू द्या. नानांनी युद्धकैद्यांनी बांधलेल्या रेल्वे पुलाचा एक जुना इंग्रजी सिनेमा निवडला, अडीच तासांहून मोठा, आणि त्या पुलाचे खांब कसे चुकलेत यावर ते समोरच्या भाडेकरूंशी अजून वाद घालतायत.