मॅकवर माझं कंट्रोल-सी परत मिळालं
जळगावात आमचं डीटीपीचं काम: लग्नपत्रिका, रावेरकडच्या केळी व्यापाऱ्यांची बिलबुकं. पंधरा वर्षं विंडोजवर बसलेली बोटं. अ‍ॅपलचा मॅक घेतला आणि कंट्रोल-सीने कॉपीच होईना. तिथे ते काम कमांड या कीचं. ऐन लग्नसराईत फार जीव कासावीस झाला.

सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज असं आत गेलो. वरच्या यादीत आधी आपला यूएसबी कीबोर्ड निवडा. माझं इथंच चुकलं होतं, बदल लॅपटॉपच्या कीबोर्डला लागला होता. मग कंट्रोलला कमांड दिलं, कमांडला कंट्रोल. कॉपी, पेस्ट, अनडू जुन्या जागी आले!

एका अ‍ॅपवरून दुसऱ्यावर जायला अल्ट-टॅबऐवजी मात्र कंट्रोल-टॅब. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल आणि डावा बाण. ही सवय अजून लावतोय.