जेलमधल्या चौकशीवर देखरेख कशी करावी, आणि बंद्याचा जबाब कसा घ्यावा

जेलमधल्या चौकश्यांवर देखरेख करायचं काम माझ्याकडे बरीच वर्षं होतं, मुंबई ठाणे तळोजा या पट्ट्यात. अजूनही नवे अधिकारी फोन करतात आणि दर वेळी तेच दिसतं, कुठला नमुना कसा भरायचा ते त्यांना दहा जणांनी सांगितलेलं असतं पण साक्षीदाराला बराकीतून बाहेर कसं काढायचं हे कोणीच सांगितलेलं नसतं. म्हणून लिहितोय. मॅन्युअल आणि नियम तुम्ही वाचलेत असं धरून चालतो.

पहिल्या तासात एवढंच ठरवा की प्रकरण किती फायलींवर चालणार. बंद्यांची आपसातली मारामारी म्हणजे १८९४ च्या तुरुंग कायद्याचं कलम ४५, शिक्षा कलम ४६ ची. दुखापत गंभीर असेल तर पोलीस. कर्मचाऱ्याचा हात असेल तर शिवाय महाराष्ट्र नागरी सेवेच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांखाली विभागीय चौकशी, आणि ती फौजदारी केसच्या सोबत चालू शकते, सुप्रीम कोर्टाने पॉल अँथनी प्रकरणात १९९९ लाच तसं सांगितलंय, त्यामुळे "कोर्टाचा निकाल येऊ दे मग बघू" हे ऐकून घेऊ नका. बंद्याचं मात्र उलट आहे. कलम ५२ प्रमाणे त्याला एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा होत नाही, म्हणून अधीक्षकांना सांगून ठेवा की पोलिसांत जाणारं प्रकरण असेल तर घाईघाईने माफीचे (शिक्षेतून सूट मिळालेले) दिवस कापून मोकळे होऊ नका, पुढे वकील तेच पुढे करतो.

"आधी घरातल्या घरात विचारपूस करू, मग पोलिसांना कळवू" हा सगळ्यात वाईट सल्ला. गुन्ह्याचा तपास पोलिसांचा, मुंबईच्या आर्थर रोड जेलचं असेल तर ना. म. जोशी मार्ग पोलीस स्टेशनचा. तुम्ही त्याच दिवशी लेखी तक्रार द्यायची आणि पुरावा सांभाळायचा.

सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी काढा, ते आपोआप पुसलं जातं. डीव्हीआरचं (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंग यंत्राचं) घड्याळ आणि खरी वेळ यातला फरक पंचनाम्यात लिहा, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट हॅश व्हॅल्यूसकट (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) लगेच घ्या. गेट रजिस्टर, लॉकअपचं रजिस्टर, ड्युटी वाटप, सगळ्याच्या शेवटच्या नोंदीखाली सही करून ताब्यात घ्या. मोबाईल सापडला तर कोणीही चालू करून बघायचा नाही, सीलबंद. जखमांचे फोटो डॉक्टरसमोर, आणि दाखल होतानाची तपासणी शेजारी ठेवा. कोठडीत मृत्यू असेल तर २४ तासांत मानवाधिकार आयोगाला कळवा, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी वेगळी होईल. हे सगळं सोपं आहे, एका दिवसात होतं.

आता जबाब. इथे मी स्वतः सपशेल चुकलोय.

सुरुवातीच्या काळातलं प्रकरण, एका जेलमध्ये शिपायाने एका कच्च्या कैद्याला रात्री मारलं होतं, तिघांनी बघितल्याची चिठ्ठी आलेली. मी ऑफिसात बसलो आणि सुभेदाराला (जेलमधला रक्षकांचा वरिष्ठ) तिघांची नावं देऊन सांगितलं, घेऊन या. सुभेदाराने वॉर्डरला पाठवलं, त्याने बराकीच्या दारात उभं राहून नावं पुकारली, आणि ती तीन पोरं अख्ख्या सर्कलसमोरून, म्हणजे बराकींच्या गटासमोरून, चालत माझ्याकडे आली. तिघांनीही एकच वाक्य दिलं, "साहब, मैं सोया था." मला वाटलं चिठ्ठी खोटी. मी जबाब घेऊन निघून गेलो आणि त्या रात्री त्यांचं काय झालं ते मला आठवड्याने कळलं, एकाच्या हाताला प्लास्टर होतं. ते मी विसरलेलो नाही.

माझं ठाम मत झालंय की जबाब खुर्चीवर बसायच्या आधीच ठरतो, त्याला कोणी बोलावलं आणि कोणी बघितलं यावर. साक्षीदाराला रात्री परत तिथेच झोपायचंय. जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात बंदी मंजुळा शेट्ये यांचा मृत्यू झाला, कारागृहाच्या सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली, त्या प्रकरणात ज्यांनी पाहिलं त्या पण त्याच भिंतीआड राहणाऱ्या बायका होत्या. जेलमधल्या जवळपास प्रत्येक प्रकरणात हेच असतं.

म्हणून मी नंतर असं करायला लागलो. नावं कोणालाही द्यायची नाहीत, अख्खी बराक बोलवायची. पन्नास असतील तर पन्नास, रजिस्टरच्या क्रमाने, आणि प्रत्येकाला सारखाच वेळ, ज्याला काही माहीत नाही त्यालाही दहा मिनिटं बसवून घरचं विचारायचं. दोन दिवस जातात, जाऊ देत. आणायला-सोडायला दुसऱ्या सर्कलचे किंवा दुसऱ्या जेलचे कर्मचारी मागवा. खोली जेलरच्या केबिनशेजारची नको, विधी सहाय्याची खोली बरी, आणि दारात कोण उभं आहे ते स्वतः उठून बघा, आवाज कुठवर जातो ते बाहेर उभं राहून ऐका. दुभाषी लागला तर दुसरा बंदी अजिबात घेऊ नका.

लिहिताना त्याच्याच भाषेत लिहा. तो बंबैया हिंदीत "पट्टे से दिया" म्हणाला आणि क्लार्कने "सदर इसमाने चामडी पट्ट्याने मारहाण केली" असं टाइप केलं की पंधरा जबाब एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसतात, आणि उलटतपासणीत साक्षीदारालाच स्वतःचा जबाब ओळखू येत नाही. चेहरा उतरलेला असेल तर पहिल्या दिवशी जबाब घेऊच नका. फौजदारी केससाठी महत्त्वाचा साक्षीदार असेल तर पोलिसांच्या मागे लागून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटसमोर जबाब नोंदवून घ्या.

साक्षीदाराला "सुरक्षेसाठी" दुसऱ्या जेलमध्ये हलवू नका. हे मी भांडून सांगतो. धारावीतली त्याची आई आठवड्याला मुलाकातीला येते, त्याला नाशिकला पाठवलंत तर तिने रोजी बुडवून किती वेळा जायचं? खरं बोलल्याची ती शिक्षाच झाली. हलवायचं तर कर्मचाऱ्याला हलवा, निलंबित करून मुख्यालय (निलंबनात राहायचं ठिकाण) दुसरीकडे द्या. साक्षीदार स्वतःहून बदली मागत असेल तरच वेगळं, आणि तेही त्याला एकट्यात दोनदा विचारून.

निलंबन केलंत तर ९० दिवसांत दोषारोपपत्र द्या. दोषारोप मोघम नको, तारीख, वेळ, जागा, कृती. चौकशी अहवालाची प्रत अपचाऱ्याला (ज्याच्यावर आरोप आहे त्या कर्मचाऱ्याला) दिल्याशिवाय शिक्षा करू नका, १९९३ च्या करुणाकर निकालापासून ते पक्कं आहे आणि तरी लोक विसरतात.

आणि साक्षीदाराकडे परत जायच्या तारखा डायरीत आधीच लिहून ठेवा. एक आठवड्याने, एक महिन्याने. गेल्यावर त्याला "त्रास आहे का" असं विचारून काही कळत नाही, रजिस्टर बघा, त्याची बराक बदलली का, काम काढून घेतलं का, घरची मनिऑर्डर कँटीनला जमा होतेय का, झडतीत त्याचंच नाव पुन्हा पुन्हा येतंय का. तिसरी भेट दोषारोपपत्र दिल्यानंतरच्या आठवड्यातली ठेवा, कारण त्याच्यासोबत साक्षीदारांची यादी द्यावी लागते, आणि तोवर पन्नासांत लपलेली नावं त्या दिवशी उघडी पडतात.