डेटा क्लाउडवर उतरवण्यापूर्वी मूळ डेटाबेसची तयारी

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील, अथवा पिंपळगाव बसवंतच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या कार्यालयातील सर्व्हरवरचा डेटा क्लाउडवर सतत उतरत राहावा असे ठरले, की बहुतेक बैठका क्लाउड कोणाचा आणि भाडे किती यावरच खर्ची पडतात. काम मात्र अडते ते मूळ डेटाबेसपाशी, म्हणून ही यादी फक्त त्या बाजूची आहे.

आरंभी डेटाबेसचा प्रकार (पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर वगैरे), त्याची नेमकी आवृत्ती आणि कोणती टेबले न्यायची हे लिहून काढावे. बॅकअपच्या नावाखाली साठलेली जुनी टेबले याच टप्प्यावर वगळावीत.

त्यानंतर प्रत्येक टेबलाला प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा कॉलम) आहे का, हे पाहावे. पोस्टग्रेसमध्ये प्रायमरी की नसलेले टेबल तसेच पब्लिकेशनमध्ये (पलीकडे पाठवायच्या टेबलांच्या यादीत) घातले, तर नव्या नोंदी चालू राहतात. पण त्या टेबलातील एखादी ओळ दुरुस्त करायला किंवा पुसायला गेल्यास मूळ डेटाबेसच चूक दाखवून नकार देतो. लिलाव ऐन रंगात असताना काट्यावरच्या कारकुनाला वजनाची नोंद दुरुस्त करता येत नाही आणि दोष मात्र बिलाच्या सॉफ्टवेअरवर जातो. यावर ‘रेप्लिका आयडेंटिटी फुल’ हे सेटिंग हा उपाय आहे, पण त्यात बदलापूर्वीची संपूर्ण ओळ लॉगमध्ये (डेटाबेसमधील बदलांच्या नोंदवहीत) लिहिली जाते. त्यामुळे मोठ्या टेबलाला प्रायमरी की देणेच मला योग्य वाटते. मायएसक्यूएलमध्ये अशी अडवणूक होत नाही, परंतु पलीकडेही मायएसक्यूएलच असेल आणि टेबलाला उपयोगी इंडेक्स (शोधसूची) नसेल, तर बदललेली ओळ शोधण्यासाठी अख्खे टेबल चाळावे लागते. मायएसक्यूएल ८.० बाबत आणखी एक गोष्ट तपासावी : फॉरेन कीच्या (दोन टेबले जोडणाऱ्या कॉलमच्या) कॅस्केडमुळे, म्हणजे मुख्य ओळ पुसल्यावर, आपोआप पुसल्या गेलेल्या ओळींची नोंद बिनलॉगमध्ये (मायएसक्यूएलच्या लॉगमध्ये) होत नाही. त्यामुळे इकडे रद्द झालेल्या पावतीचे तपशील क्लाउडवरच्या डेटा-गोदामात तसेच राहू शकतात.

सर्वांत जास्त वेळ लॉगला द्यावा. मायएसक्यूएल ५.७ मध्ये बिनलॉग मुळात बंद असतो, ८.० मध्ये चालू असतो. त्याचे स्वरूप ‘रो’ (ओळीनुसार) आणि ओळीची प्रतिमा ‘फुल’ असल्याची खात्री करावी. पोस्टग्रेसमध्ये ‘वॉल लेव्हल’ (लॉगमध्ये किती तपशील लिहायचा ती पातळी) ‘लॉजिकल’ करावी लागते, आणि ती बदलली की डेटाबेस रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून साप्ताहिक सुटीचा दिवस आधीच मागून घ्यावा. एसक्यूएल सर्व्हरवर सीडीसी (बदल टिपून ठेवणारी सोय) चालू करताना एजंट सेवा (ठरलेली कामे आपोआप चालवणारी) सुरू आहे ना, हे पाहावे. तेथे बदलांची नोंद मुळात ३ दिवसच राहते. दुवा किती काळ तुटला तरी चालेल, याचे उत्तर तासांत लिहून त्यावरून डिस्कचा हिशेब मांडावा. तासाला २ जीबी लॉग तयार होत असेल आणि शुक्रवारी संध्याकाळी तुटलेली लाइन सोमवारी संध्याकाळी जोडली जाणार असेल, तर ७२ तासांसाठी १४४ जीबी जागा मोकळी हवी. पोस्टग्रेसचा रेप्लिकेशन स्लॉट (पलीकडे बदल नेणाऱ्या वाचकाने लॉग कुठवर वाचला याची खूण) वाचक नसला तरी लॉग धरून ठेवतो आणि डिस्क भरली की डेटाबेस बंद पडतो. १३व्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते, पण ती आपण घालावी लागते, आणि ती ओलांडली गेली तर स्लॉट निकामी होऊन पहिली प्रत पुन्हा न्यावी लागते.

पहिली प्रत नेण्याचा वेळही असाच काढावा. ५० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी तासाला साडेबावीस जीबीच जाते, म्हणजे ३०० जीबीला तेरा तासांहून अधिक लागतात. येथे अपलोडचा वेग विचारात घ्यावा. जाहिरातीतला वेग बहुधा डाउनलोडचा असतो.

मराठी मजकुराचे कॉलम स्वतः उघडून पाहावेत. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्यांची नावे युनिकोडमध्ये नसून एखाद्या फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत असतात. फॉन्ट असलेल्या संगणकावर ती नीट दिसतात, क्लाउडवरच्या अहवालात मात्र इंग्रजी अक्षरांचा काला उमटतो. रूपांतर करायचे असल्यास ते पहिल्या प्रतीपूर्वी उरकावे, कारण नंतर केल्यास प्रत्येक ओळ बदल म्हणून लॉगमध्ये येते. तारखांचेही तसेच आहे. भारतीय वेळेने भरलेला कॉलम यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) रूपांतरित झाला, तर पहाटे साडेपाचच्या आधीचे तिसऱ्या पाळीचे उत्पादन आदल्या तारखेत जाते.

रेप्लिकेशनसाठी वेगळा युजर करावा, त्याला केवळ वाचनाचे व लॉगचे अधिकार द्यावेत, जोडणी टीएलएसनेच (मजकूर कूटबद्ध करून पाठवण्याच्या पद्धतीने) करावी आणि फायरवॉलमध्ये पोर्ट सर्वांना खुले न ठेवता ठरावीक आयपीपुरतेच उघडावे. आधार व बँक खात्याचे क्रमांक पलीकडे खरोखर लागतात का, हे मालकांकडून लेखी घ्यावे.

शेवटी एका छोट्या टेबलावर चाचणी घेऊन लाइन मुद्दाम तोडावी, त्या काळात नोंदी घालाव्यात, दुरुस्त कराव्यात व पुसाव्यात, आणि जोडल्यावर दोन्हीकडील ओळींची संख्या व रकमांच्या बेरजा ताडून पाहाव्यात. चाचणी संपल्यावर किंवा काम मध्येच थांबल्यास स्लॉट कोणी काढायचा, त्या व्यक्तीचे नाव व फोन क्रमांक सर्व्हरशेजारच्या वहीत नोंदवून ठेवावा.